फळ्यावरची माशी

सर नाकावर माशी बसू न देणाऱ्यांतले. कुणी मध्येच "सर, जरा थांबा" म्हटलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. असा माणूस फळ्यावर मात्र रोज एक माशी स्वतःच्या हाताने आणून बसवायचा, हे ज्याने त्यांचा वर्ग पाहिला नाही त्याला सांगूनही पटत नसे.

माशी म्हणजे चूक. मुद्दाम केलेली आणि एकच. तास सुरू झाला की सर फळाभर गणित मांडायचे आणि मांडता मांडता कुठेतरी ती बेमालूम पेरून ठेवायचे. कुठे वजाचं अधिक, कुठे शून्याने भागाकार, कुठे एखादी अट गुपचूप गिळलेली. चेहरा इतका साळसूद की बघणाऱ्याला स्वतःचाच संशय यावा. ज्याला चूक दिसेल त्याने उभं राहून "माशी, सर" म्हणायचं. ती खरंच असेल तर सर टेबलावरच्या पत्र्याच्या डबीतून नवा, अखंड खडू काढून त्याच्या तळहातावर ठेवत, आणि तास संपल्यावर फळा पुसायचा मान त्याचा. नसेल तर, "बस खाली. माशी तुझ्याच डोळ्यांवर बसलीय, तोंड धुऊन ये."

एक नियम मात्र त्यांनी स्वतःला लावून घेतला होता. माशी काढली की उरलेलं दूध पिण्याजोगं हवं. म्हणजे तेवढी एक खूण पुसून दुरुस्त केली की बाकीचा फळा जसाच्या तसा खरा ठरला पाहिजे. सगळं दूध नासवून ठेवायचं आणि वर 'ओळखा पाहू' म्हणायचं, हे मास्तराचं काम नव्हे, असं ते म्हणत. त्यामुळे माशी सापडली की सर एका बोटाने ती पुसायचे, योग्य ते लिहायचे, आणि अख्खा फळा पुन्हा लख्ख खरा व्हायचा. मुलं तेवढ्यासाठी डोळे फाडून बसायची.

त्या वर्गात एक मुलगी होती. अंगाने काडी, आवाजाने पिपाणी, पण माश्या टिपण्यात अशी पटाईत की सरांनी तिचं नाव चिमटी ठेवलं. खडूंनी तिचं दप्तर आतून पांढरं झालेलं असायचं. हीच चिमटी पुढे विद्यापीठात गणिताची प्राध्यापक झाली, कानांवरचे केस पिकले, आणि विद्यार्थी तिच्या खोलीत शिरण्याआधी दोनदा घसा खाकरू लागले. विभागात आता फळे पांढरे आणि लिहायला पेनं, तरी तिच्या टेबलाच्या खणात सरांचे खडू अजून होते, एकही न झिजवलेला. तिला चिमटी म्हणणारी माणसं जगात दोनच उरली होती, सर आणि त्यांचा मुलगा.

मुलगाही त्याच वर्गातला. दिव्याखाली अंधार याचं उदाहरण द्यायला शिक्षकांना लांब जावं लागत नसे. पठ्ठ्याला उभ्या शाळेत एकही माशी सापडली नाही. एकदा तो शिंक आली म्हणून उभा राहिला, तर सगळा वर्ग आशेने त्याच्याकडे बघायला लागला होता. पुढे तो लिफ्टचा तपासनीस झाला. उंच इमारतींतून हिंडायचं, दोर, ब्रेक, दारं बघायची आणि लिफ्ट चालवायची की बंद ठेवायची ते सांगायचं. त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लिफ्ट पडली नाही म्हणून कोण कुणाला शाबासकी देतं?

त्याचाच एके दिवशी फोन आला.

"चिमटी, मी बोलतोय. बाबांचं काही खरं नाही."

"म्हणजे? आजारी आहेत?"

"तब्येतीने ठणठणीत. डोकं... दूधवाल्याला परवा विचारत होते, आई कुठे गेलीय. आईला जाऊन किती वर्षं झाली ते तुला माहितीय."

डॉक्टरकडे नेलं होतं, त्याने सांगितलं. डॉक्टरने नेहमीची परीक्षा घेतली, शंभरातून सात वजा करत जा. सर सुरू झाले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि दोनवर आल्यावर थांबायचं सोडून उणे पाच, उणे बारा करत शून्याखाली उतरले. डॉक्टर म्हणाला, पुरे. सर म्हणाले, तुमचं पुरे झालं असेल, आकड्यांचं अजून बाकी आहे. कागदावर शेरा पडला, स्मरणशक्ती तपासता आली नाही, रुग्ण वाद घालतो.

"हसू नकोस," मुलगा म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग हळूच म्हणाला, "मी एक जागा बघितलीय. चांगली आहे, बाग आहे, माणसं आहेत बघायला. माझ्याकडे आणलं असतं, पण आम्ही दोघंही दिवसभर कामावर. बाबांसमोर नुसता विषय काढला तर घर डोक्यावर घेतलं त्यांनी. म्हणाले, मरेन तर या फळ्याखाली मरेन. आणि मग पैज लावली."

"कसली पैज?"

"त्यांनी काहीतरी सिद्ध केलंय म्हणे. मोठं. कुणालाच न जमलेलं. म्हणाले, चिमटीला पाठव. तिने बरोबर म्हटलं तर माझं डोकं शाबूत आहे, मग मला या घरातून हलवायचं नाही आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. तिने चूक म्हटलं तर तू म्हणशील तिथे मुकाट्याने येतो. मीही तसा शब्द दिलाय बाबांना. मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"आणि बरोबर निघालं तर?"

"तर राहतील. अगं, मला काय हौस आहे? बरोबर निघावं असंच वाटतंय मला."

चार दिवसांत कागद आले. जाडजूड पाकीट, वर सरांचं तेच उभं, कडक अक्षर. तिने दार लावून घेतलं आणि वाचायला बसली.

विषय जुना होता, वर्गातलाच. सरांनी शाळेत एक खेळ शिकवला होता. कुठलाही आकडा घ्या. ज्यांनी ज्यांनी त्याला पूर्ण भाग जातो ते सगळे भाजक गोळा करा, ते त्याचं कुटुंब. कुटुंबाची बेरीज करा. आता ती बेरीज फोडा. फुटता फुटता हातात फक्त दोन आणि तीन उरले, तर आकडा भुग्याचा. सहाचं कुटुंब एक, दोन, तीन, सहा. बेरीज बारा. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. झाला भुगा. चारचं कुटुंब एक, दोन, चार. बेरीज सात. सात काही केल्या फुटत नाही, चार बाद. मुलं घरांचे नंबर, बसचे नंबर, येईल तो आकडा घेऊन भुगा करत सुटायची. एकदा चिमटीने विचारलं होतं, "सर, असे आकडे संपतात कुठेतरी?" सर म्हणाले होते, "ते कुणालाच ठाऊक नाही. कायम मिळत राहतील असं सगळ्यांना वाटतं, पण वाटण्याला गणितात कुणी विचारत नाही. ज्याला कळेल त्याने मला पत्र टाका."

आता त्यांनीच टाकलं होतं. भुग्याचे आकडे कधीच संपत नाहीत, असा दावा. तिनेही तरुणपणी यावर दोन वर्षं डोकं फोडून घेतलं होतं आणि गुमान दुसरा विषय धरला होता.

सुरुवातीची पानं वाचताना तिला हसू आवरेना. काय ऐट होती! एक शब्द इकडचा तिकडे नाही. जिथे ती स्वतः पानभर झटापट करून थकली असती तिथे सर एका ओळीत दार उघडून आत. अशा माणसाला वेडा ठरवायला निघालेत, असं तिच्या मनात आलं आणि तिला मुलाचा रागही आला. असं करत ती एकतिसाव्या पानावर पोचली, आणि तिथे माशी शिंकली.

दोन आकड्यांचा गुणाकार केला तर त्यांच्या कुटुंबांच्या बेरजांचाही गुणाकार होतो, असा एक नियम आहे. दोनची बेरीज तीन, पाचची सहा. तीन सक अठरा. आणि दहाच्या भाजकांची बेरीज केली तर बरोबर अठराच येते. पण याला एक अट आहे. त्या दोन आकड्यांत सामाईक भाजक नको, एक सोडून. ही अट सरांनी इतकी घोकून घेतली होती की वर्गातला ढ मुलगाही झोपेत सांगेल. "एक माणूस दोन घरांत मोजायचा नाही!" असं म्हणत ते टेबलावर डस्टर आपटायचे. एकतिसाव्या पानावर सरांनी दोन प्रचंड आकडे, अक्षरांच्या पडद्याआड झाकलेले, एकमेकांशी गुणले होते आणि बेरजाही खुशाल गुणून टाकल्या होत्या. तिने पडदा बाजूला केला. दोन्ही आकडे सम होते. दोन दोन्ही घरांत बसला होता.

तिने चहा करून आणला, तो तसाच ठेवला, आणि ते पान पुन्हा वाचलं. मग तिच्या मनात आलं ते असं, की ही मुद्दामच ठेवलेली आहे. दुसरं काय असणार? सर आणि ही चूक! नेमकी हीच! ही तर माशी आहे. चिमटीला पाठवलेल्या कागदात सर माशी ठेवणार नाहीत तर कुणाच्या ठेवतील? तिचा जीव भांड्यात पडला.

मग ती ती माशी काढायला बसली. एका आकड्यातला दोन काढला, तर तो आकडा भुग्याचा राहीना. दुसऱ्यातला काढला, तर पुढच्या पानावर ज्याच्या जोरावर सर उडी मारत होते तो आधारच जाई. दोन्ही बदलून पाहिले. आठवडाभर वर्ग संपले की ती तेच करत होती. पुढची सगळी पानं त्या एका ओळीवर उभी होती, आणि ओळ काढली की एकही उभं राहत नव्हतं. सरांच्या माशीखालचं दूध कधी असं नासलेलं नसायचं. पण तिने स्वतःची समजूत घातली, की दुरुस्त केलेलं पान सरांजवळ असेल. आपल्याला नाही सुचलं, त्यांना सुचलं असेल. आयुष्यभर हेच तर होत आलंय. आशा अशी चिवट असते आणि शिकल्यासवरल्यांची तर जास्तच. शनिवारी ती निघाली.

घर उताराच्या गल्लीत, खालच्या टोकाला. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, बाजूला निजायची खोली. बसायच्या खोलीत एक भिंतभर काळा फळा, शाळेने जुना म्हणून काढून टाकला तेव्हा सरांनी हातगाडीवर घालून आणलेला. दार मुलाने उघडलं. तो रविवारपर्यंत राहायला आला होता. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. त्याने तिची पिशवी घेतली आणि चहा टाकतो म्हणून आत गेला.

सर खिडकीजवळ खुर्चीत होते. कपडे धुतलेले, इस्त्रीचे. सदऱ्याची बटणं मात्र एकेक घर चुकून लावलेली.

"चिमटी! उशीर," ते म्हणाले, जसा काही तास केव्हाच सुरू झाला होता.

तिला इतकं बरं वाटलं की ती नमस्कार करायचंही विसरली आणि तशीच समोरच्या स्टुलावर टेकली. "गाडीला उशीर झाला, सर."

"गाड्यांवर घालू नये. वाचलंस?"

"वाचलं."

"मग?"

ठरवून आणलेली सगळी वाक्यं ती विसरली. गुडघे कुरकुरत होते तरी ती उठून उभी राहिली, हात बाजूला, मान सरळ, आणि म्हणाली, "माशी, सर."

सरांच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही.  खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "कुठे?"

"पान एकतीस. दोन्ही आकडे सम आहेत. एक माणूस दोन घरांत मोजलाय."

आणि सर हसले. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. "शाब्बास! म्हटलं बघू या, प्राध्यापक झाल्यावर चिमटी बोथट झाली की काय. मुद्दाम ठेवली होती, पोरी. मुद्दाम!" त्यांनी टेबलावरची पत्र्याची डबी ओढली, झाकण उघडलं, आणि नवा खडू काढून तिच्या तळहातावर ठेवला. डबी तीच होती, कोपरा चेमटलेली.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पन्नाशी उलटलेली बाई खडू हातात घट्ट धरून तिथल्या तिथे रडली आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. "येते हं, सर, एक मिनिट," म्हणत ती जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेली.

"अरे, मुद्दाम ठेवली होती!" ती मुलाला म्हणाली. "चूक होती एक, पण माशी होती. मला जोखत होते. डोकं पूर्ण जागेवर आहे त्यांचं. तू उगाच..."

मुलगा विजेच्या किटलीतून कपांत पाणी ओतत होता. त्याने किटली खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं नाही, नुसता बाजूला सरकला, आणि मग तिला शेगडी दिसली. शेगडीची बटणं काढून टाकलेली होती. वरची भिंत छतापर्यंत काळी, खिडकीच्या पडद्याची अर्धी दांडी वितळून वाकलेली.

"गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते," तो म्हणाला. "शेजाऱ्यांनी दार तोडलं. मी आलो तर मला म्हणाले, मुद्दाम ठेवला होता. बघत होतो, तुला सापडतं का."

तिने वाकलेल्या दांडीला हात लावून पाहिला.

"नळ रात्रभर वाहिला, तेही मुद्दाम. पुढचं दार उघडं टाकून झोपले, तेही मुद्दाम. मला हाक मारली काकाच्या नावाने. मी म्हटलं, बाबा, मी आहे. म्हणाले, शाब्बास, ओळखलंस." त्याने बाहीने नाक पुसलं. "शाळेत एक सापडली नाही मला. आता रोज सापडतात. रोज खडू देतात, चिमटी. तो बघ डबा."

खिडकीच्या कट्ट्यावर बिस्किटांचा रिकामा डबा होता. त्यात खडू भरले होते.

"कदाचित हे खरंच मुद्दाम असेल," तिने म्हटलं. म्हणताना तिचा आवाज तिलाच पिपाणीसारखा वाटला.

"असेलही. मला कसं कळणार? म्हणून तर तुला बोलावलं. हे बघ, आमच्याकडे दोराच्या तारा मोजतात. ठरलेल्यापेक्षा जास्त तुटलेल्या दिसल्या की लिफ्ट बंद. कालपर्यंत छान चालत होती, हे कुणी ऐकून घेत नाही. पण ही तुमची लिफ्ट आहे. तू चालू म्हणालीस तर मी उद्या बटणं परत बसवून निघून जातो. शब्द दिलाय मी."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान उडी कुठे घ्यायची ते माणसाच्या हातात असतं. तिला एकच मार्ग दिसत होता आणि त्या मार्गाने जायची तिची मुळीच इच्छा नव्हती. ती बाहेर आली. सर त्याच खुर्चीत, त्याच हसऱ्या चेहऱ्याने बसलेले.

"सर," ती म्हणाली, "ती काढून दाखवता?"

"काय?"

"माशी. मला आठवडाभर निघाली नाही. तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात ना, तशी."

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लपायला धावलं. ते तिने पाहिलं. पण सर उठले. सवयच तशी, फळा म्हटलं की हात आपोआप कडेच्या खडूकडे जाई. फळ्यापाशी गेल्यावर त्यांची पाठ ताठ झाली, आणि क्षणभर तिला वाटलं की आता होणार.

"साध्या आकड्यांवर दाखवतो, म्हणजे तुला कळेल," सर म्हणाले. "दोन घे. बेरीज तीन. सहा घे. बेरीज बारा. तीन बारे छत्तीस. छत्तीसचा भुगा होतो. दोन सक बारा, म्हणून बारा भुग्याचा. झालं की नाही?"

"बाराची बेरीज करून बघू या, सर."

त्यांनी बाराचे भाजक लिहिले. एक, दोन, तीन, चार, सहा, बारा. अक्षर अजून सुरेख होतं. बेरीज केली. अठ्ठावीस. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. अठ्ठावीस. पुन्हा पुसलं. या वेळी एकेक आकडा बोट ठेवून मोजला. अठ्ठावीस. मग त्यांनी ते फोडलं, दोन, दोन आणि सात, आणि सातकडे बघत उभे राहिले.

"हा कुठून आला?" त्यांनी विचारलं. तिला नव्हे, कुणालाच नव्हे.

  ती त्यांच्या पाठीकडे बघत होती, आणि ती पाठच हळूहळू सगळं समजून घेत होती. त्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने पुन्हा 'मुद्दाम' म्हटलं असतं. गॅसबद्दल म्हणता येतं, नळाबद्दल म्हणता येतं. पण फळ्यावर पांढऱ्या खडूने सात लिहिलेला असताना ते म्हणायला सरांची जीभ रेटेना. डोक्यातून बायकोचं मरण निसटलं, मुलाचं नाव निसटलं, हे मात्र नेमकं अजून शिल्लक होतं.

"चिमटी," सर वळून म्हणाले, "ही मी ठेवलेली नाही."

"सर..."

"माझ्या माशीखालचं दूध पिता येतं. हे नाही येत." त्यांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, बोटं सदऱ्याला पुसली. "एक माणूस दोन घरांत मोजला मी. मी! किती पानं आहेत पुढे?"

"वीसेक."

"सगळी गेली."

"सुरुवातीची फार सुंदर आहेत, सर. खरंच."

"सुरुवातीचं काय करायचंय?" ते म्हणाले. मग त्यांनी आत हाक मारली. मुलगा दारातच उभा होता. "ये रे. हरलो. बॅग काढ."

"बाबा, घाई नाही. पुढच्या महिन्यात बघू..."

"शब्द म्हणजे शब्द. वर माळ्यावर आहे ती तपकिरी काढ, तिचं कुलूप नीट लागतं. डबी मी नेणार. फळा..." त्यांनी भिंतभर पसरलेल्या फळ्याकडे पाहिलं. "तो काही मावणार नाही."

 मुलगा त्यांच्याजवळ गेला, चुकलेली बटणं एकेक सोडवून नीट लावली, आणि निजायच्या खोलीत निघून गेला. सर खुर्चीत बसले. त्यांचे हात मांडीवर, तळवे वर, कुणीतरी त्यात काही ठेवायचं राहून गेल्यासारखे.

तिला तो सात बघवेना. शिवाय माशी ज्याला सापडली त्याने फळा पुसायचा, असा नियमच होता. तिने खडू मुठीत तसाच धरून दुसऱ्या हाताने डस्टर घेतलं, आणि वरपासून खालपर्यंत, वर्गात पुसायची तसा, फळा स्वच्छ पुसून काढला. धूळ उडाली, तिला ठसका लागला. आतून माळ्यावरचं काहीतरी ओढल्याचा आणि मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. तिने डस्टर जागेवर ठेवलं. आता सरांच्या पायाशी बसावं आणि काहीतरी बोलावं, काय ते माहीत नाही पण बोलावं, असं मनाशी म्हणत ती वळली.

सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चिमटी! उशीर."

ती जागच्या जागी थांबली.

"गाड्यांवर घालू नकोस. माझे कागद मिळाले ना? वाचलेस?" ते खुर्चीत पुढे सरसावले. आवाज बारीक करून, आतल्या खोलीकडे डोळ्याने खुणावत म्हणाले, "तो मला इथून हलवायला बघतोय. पण पैज लावलीय मी. सगळं तुझ्यावर आहे. मग? सापडली का कुठे माशी?"

आतली कपडे भरण्याची खुडबुड थांबली होती. मुलगा ऐकत होता, हे तिला कळत होतं. सरांच्या मागे भिंतभर फळा, कोरा, काळाभोर, तिनेच पुसलेला. पुन्हा सांगता आलं असतं. त्यांनी पुन्हा बाराचे भाजक लिहिले असते, पुन्हा सातकडे बघत उभे राहिले असते, पुन्हा हरलो म्हणाले असते. आणि पाच मिनिटांनी पुन्हा हेच.

एवढ्या वर्षांत तिने सरांना गणितात कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही, सर," ती म्हणाली. "एकही नाही."

"नाही ना?" सर मागे टेकले. दोन्ही हात त्यांनी मांडीवर थोपटले. "मला माहीत होतं. मग मी इथेच राहणार."

"हो, सर."

आत खुडबुड पुन्हा सुरू झाली, आणि मग बॅगेची चेन बंद झाल्याचा आवाज आला. सर समाधानाने ऐकत होते, कसला आवाज ते त्यांनी विचारलं नाही. मग त्यांची नजर तिच्या मुठीवर गेली आणि कपाळाला आठी पडली, जुनी, कडक, नाकावर माशी बसू न देणारी.

"माशी सापडली नाही म्हणतेस, मग हातात खडू कसला?"

तिने मूठ उघडली.

"ठेव तो परत," सर म्हणाले.

ती टेबलापाशी गेली आणि खडू डबीत ठेवून तिने झाकण लावलं.